दारूच्या नावावर खपलेलं शिसं

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या अलाबामा राज्यात, एका ग्रामीण काउंटीतल्या रुग्णालयात १९९० आणि १९९१ या दोन वर्षांत नऊ रुग्ण असे निघाले, ज्यांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं होतं. नऊही जण पिणारे. दारूमुळे होणाऱ्या दुखण्यांसाठीच त्यांची तपासणी चाललेली. सहा जणांना सगळं अंग आखडून झटके देणारी फिट आली होती. पाच जणांना रक्तक्षय होता. दोघांचं भान हरपलेलं. एकाच्या हातातली ताकद गेलेली, एकाच्या पोटात कळा. सात जणांना दाखल करून घ्यावं लागलं आणि त्यातला एक दगावला. रक्तातलं शिसं दर १०० मिलिलिटरमागे १६ पासून २५९ मायक्रोग्रॅमपर्यंत होतं, मधला आकडा ६७. मे १९९२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात हे प्रकरण छापून आलं, तेही थोडक्यात.

या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. शिशाशी संबंधित कारखान्यांसाठी अमेरिकेने १९७८ साली जो नियम केला, त्यात कामगाराच्या रक्तात ६० मायक्रोग्रॅम निघाले तर त्याला त्या कामावरून बाजूला करायचं, असं ठरलेलं होतं. आज ३.५ च्या वर गेलं तरी तिथे ते वाढलेलं धरतात. हे नऊ जण मात्र शिशाच्या कारखान्यातून आले नव्हते, त्यांच्या पोटात शिसं बाटलीतून जात होतं.

तिथे चोरून गाळलेल्या दारूला ‘मूनशाइन’ म्हणतात. मका, साखर आणि यीस्ट आंबवायचं, खालून जाळ लावायचा, निघालेली वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करायची. पद्धत आपल्या हातभट्टीहून फार वेगळी नाही. जुने लोक वाफ थंड करायला तांब्याची वेटोळी नळी वापरत. ती वळवायला कारागीर लागतो, वेळ लागतो, आणि धाड पडली की सगळं गेलं. त्यापेक्षा भंगारातला गाडीचा रेडिएटर बरा. मोटारीचा किंवा ट्रकचा रेडिएटर मुळात उष्णता बाहेर टाकण्यासाठीच बनवलेला असतो. त्यात बारीक चपट्या नळ्यांची रांगच्या रांग असते, वाफ एका तोंडातून सोडली की दुसऱ्या तोंडातून दारू टपकते. पण त्या काळातले रेडिएटर तांबं-पितळेचे असत आणि त्या शेकडो नळ्यांचा प्रत्येक सांधा कथील आणि शिशाच्या सोल्डरने जोडलेला असे. आंबवलेल्या मालातून अल्कोहोलबरोबर थोडं अ‍ॅसेटिक आम्लही वाफेतून येतं. गरम, आंबट, अल्कोहोलयुक्त द्रव त्या सांध्यांवरून तासन् तास वाहत राहिला की शिसं विरघळणारच. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की कळकलेलं ताक तोंडात घेताच कळतं, आणि शिशाचं अ‍ॅसेटेट चवीला चक्क गोड असतं.

त्या काउंटीत रेडिएटर लावलेल्या दोन भट्ट्यांमधून जप्त केलेली दारू तपासली, तेव्हा लिटरमागे ७,४०० आणि ९,७०० मायक्रोग्रॅम शिसं निघालं. तिथल्या नळाच्या पाण्यात ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी होतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि आपलं भारतीय मानक, दोन्हींची मर्यादा १० आहे. म्हणजे जवळजवळ हजारपट. रुग्ण रोज ०.२ ते १.५ लिटर पीत होते. ९,७०० वाली दारू रोज अर्धा लिटर घेतली तर रक्तातलं शिसं कालांतराने १९० च्या आसपास जाऊन स्थिरावेल, असा हिशोब अहवालातच मांडलेला आहे. दोन रुग्णांचे आकडे २२८ आणि २५९ होते. हिशोब आणि रुग्ण एकमेकांशी जुळतात.

इथपर्यंत हे साधं विषबाधेचं प्रकरण वाटेल. मला त्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. या रुग्णांच्या प्रत्येक लक्षणावर हक्क सांगणारे दोन दावेदार होते, आणि त्यातला एक दावेदार इतका ओळखीचा की दुसऱ्याकडे बघायची कुणाला गरजच वाटू नये.

फिटचंच बघा. रोज पिणारा माणूस अचानक थांबला की शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते. कॅज्युअल्टीत बसलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे पाठ असतं. शिशानेही फिट येते. भान हरपणं, बरळणं, हात थरथरणं हे दारू सुटल्यावरही होतं, यकृत निकामी झाल्यावरही होतं, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपल्यावरही होतं, आणि शिशाने मेंदूला सूज आल्यावरही होतं. पोटातल्या कळा? स्वादुपिंडाची सूज किंवा जठराचा दाह म्हणून मोकळं व्हायचं. शिशाची पोटदुखी मात्र त्याहून जुनी आणि प्रसिद्ध. हातातल्या ताकदीचं तर फारच गमतीशीर आहे. शिशाच्या बाधेत मनगट उचलणारी नस मारली जाते आणि पंजा लोंबतो. बेहोश पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून कुणी रात्रभर झोपला तर त्याचीही नेमकी तीच नस दबते आणि सकाळी पंजा लोंबलेला असतो. गाऊटचंही, म्हणजे युरिक आम्लाने सांधे सुजण्याचंही, तेच. अलाबामातल्याच डॉक्टरांनी १९६० च्या दशकात मूनशाइन पिणाऱ्यांमधला शिशाचा गाऊट अभ्यासला होता. पण पिणाऱ्याला गाऊट झाला यात आश्चर्य कसलं, असंच सगळ्यांना वाटणार.

एका जागी मात्र दोन दावेदार विरुद्ध दिशांना जातात, आणि ती जागा म्हणजे रक्ताचा साधा सीबीसी रिपोर्ट. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या तांबड्या पेशी मोठ्या होतात. पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही नावाचा आकडा शंभरीच्या आसपास किंवा वर जातो. दारू हाडांतल्या मज्जेवर थेट परिणाम करते, फोलेट कमी पडतं, यकृत बिघडतं, तिन्हींमुळे पेशी फुगतात. शिसं उलट करतं. हिमोग्लोबिन बनवायच्या साखळीतली दोन विकरं (एन्झाइम) ते अडवतं, शेवटच्या पायरीला लोह आत बसूच देत नाही, आणि पेशी फिकट, लहान निघतात. अलाबामातल्या पाच रुग्णांचा रक्तक्षय लहान पेशींचा होता. पिणारा माणूस, आणि पेशी लहान! पोटातून हळूहळू रक्त जात असेल तर लोह कमी होऊनही पेशी लहान होतात, त्यामुळे हा पुरावा नाही, पण थांबून विचार करायला लावणारी खूण नक्की आहे. मग काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शिशाच्या बाधेत काही तांबड्या पेशींच्या आत निळसर-काळ्या बारीक ठिपक्यांची पखरण दिसते, कुणी सुईच्या टोकाने शाईचे ठिपके दिल्यासारखी. पेशी तयार होताना उरलेला आरएनए साफ करणारं विकर शिशाने बंद पाडलं की तो कचरा तसाच आत राहतो, तेच हे ठिपके. दारूनेही क्वचित असे ठिपके दिसतात, हे खरं. म्हणून शेवटी रक्तातलं शिसंच मोजावं लागतं. ती तपासणी मागवायची तर आधी कुणाच्या तरी मनात शिसं यायला हवं.

दोन्ही विषं एकाच मेंदूत गेल्यावर नेमकं काय होतं?

दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहकांना, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांना, दाबते. महिनोन् महिने हे चाललं की मेंदू स्वतःची मांडणी बदलतो. गाबाचा प्रतिसाद मंद करतो आणि एनएमडीए ग्राहक वाढवतो. अशा मेंदूची दारू एकाएकी काढून घेतली तर तो बेफाम चेतलेला राहतो. त्यातून थरथर, घाम, भास आणि फिट.

शिसं त्याच ठिकाणी येतं, पण वेगळ्या दारातून. शिशाचा आयन कॅल्शियमची नक्कल करतो. चेतापेशींत संदेश सोडायचा तो कॅल्शियम आत शिरल्यावर. शिसं ते दार अडवतं, त्यामुळे गरजेच्या वेळी संदेश कमी सुटतात. आत पोचलेलं थोडंसं शिसं मात्र कॅल्शियमचा आव आणून नको त्या वेळी संदेश सोडायला लावतं. कामाची बातमी कमी आणि गोंगाट जास्त. एनएमडीए ग्राहकांनाही ते अडवतं. हिमोग्लोबिनची साखळी अडल्यामुळे डेल्टा-एएलए नावाचा अर्धवट पदार्थ साचतो, तो रचनेने गाबासारखा असल्यामुळे गाबाच्या कामात ढवळाढवळ करतो. पातळी फार चढली की मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, पाणी बाहेर झिरपतं आणि मेंदूला सूज येते. मोठ्या माणसात हे बहुधा १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे दिसतं.

आता ही दोन्ही चित्रं एकावर एक ठेवा. दारू पेशींमधलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य संपवते. शिसं त्याच्याच गंधकयुक्त गटांना जाऊन चिकटतं. म्हणजे विषारी ऑक्सिजन-रेणूंपासून वाचवणारी शिबंदी दोन्हीकडून कापली जाते. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं जे विकर शिसं सगळ्यात आधी निकामी करतं त्याला काम करायला जस्त लागतं, शिसं त्या जस्ताच्याच जागी बसतं. आणि पिणाऱ्याच्या शरीरात जस्त आधीच कमी, कारण ते लघवीतून जात असतं. दारू स्वतःही त्या विकराचं काम मंदावते. मॅग्नेशियम कमी, थायमिन कमी, जेवण कमी. उपाशीपोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं, लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. जेवणाऐवजी बाटली घेणारा माणूस शिसं पोटात घ्यायला सगळ्यात सोयीच्या अवस्थेत असतो, असं म्हणायला हरकत नाही. लखनौ आणि चंडीगडमधल्या संशोधकांनी उंदरांना दोन्ही एकत्र देऊन पाहिलं तेव्हा नुसतं शिसं दिलेल्या उंदरांपेक्षा शरीरात, मेंदूतसुद्धा, जास्त शिसं साठलेलं आढळलं. उंदरांना दिलेले डोस मोठे होते, तेव्हा ते आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र तीच आहे.

दारू आणि कोणताही धातू म्हटलं की बेरीजच होते, असं मात्र नाही. पाऱ्याची वाफ श्वासातून आत गेली आणि रक्तात दारू असली तर शरीर पारा कमी धरून ठेवतं, कारण पारा अडकवून ठेवणारं कॅटालेज हे विकर दारूमुळे मंदावतं. मँगनीजचं वेगळंच. ते शरीराबाहेर जातं पित्तावाटे, आणि दारूने यकृताचा सिरॉसिस झाला की ती वाटच तुंबते. मग वेल्डिंगच्या धुरात न गेलेल्या माणसाच्याही मेंदूच्या खोल गाभ्यात, ग्लोबस पॅलिडसमध्ये, मँगनीज साचतं आणि एमआरआयवर तो भाग पांढरा चमकतो. प्रत्येक जोडीचं गणित वेगळं मांडावं लागतं.

अलाबामातल्या जोडीचं गणित मांडताना मी अडतो तो त्या एका मृत्यूपाशी. दगावलेल्या रुग्णाच्या रक्तात शिसं होतं ६७. अहवालात मृत्यूचं कारण दिलंय ते दारू सुटल्यामुळे झालेला विकार आणि त्यातच श्वासनलिकेत अन्न-पाणी जाऊन झालेला न्यूमोनिया. २२८ आणि २५९ वाले वाचले. नुसते आकडे बघणारा म्हणेल, ६७ ला शिशाने मेंदूला सूज येत नाही, तेव्हा हा मृत्यू दारूचा. प्रमाणपत्रावर मीही तेच लिहिलं असतं. तरीही ते मला पुरेसं वाटत नाही. रक्तातला आकडा म्हणजे गेल्या महिना-दीड महिन्याचा हिशोब. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण प्रौढाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. वर्षानुवर्षं ती दारू पिऊन ६७ वर असलेला माणूस आणि परवाच कुठेतरी शिसं लागून ६७ वर गेलेला माणूस, दोघांचा मेंदू सारखा नसतो. दारू सुटल्यावर चेतणारा मेंदू आधीच शिशाच्या गोंगाटात असेल तर फिटची पायरी किती खाली आलेली असेल, हे एका माणसाबाबत कुणी सिद्ध करू शकत नाही. सहा जणांच्या फिटपैकी कोणती दारूची आणि कोणती शिशाची, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र एकाच कारणाला पहिली ओळ मिळते, आणि ती जवळजवळ नेहमी दारूला मिळते.

उपचाराच्या बाबतीत हे भांडण सोडवायची गरज नसते, दोन्ही धरून चालायचं असतं. फिट थांबवायला डायझेपामच्या जातीचं औषध, ते दोन्हीकडे चालतं. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन. शिसं खूप असेल आणि मेंदूवर परिणाम असेल तर शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं. त्यातही क्रम पाळायचा असतो: आधी डायमरकॅप्रोल, मग चारेक तासांनी कॅल्शियम ईडीटीए. नुसतं ईडीटीए आधी दिलं तर सैल झालेलं शिसं मेंदूकडे वळू शकतं. डायमरकॅप्रोल दुसऱ्या महायुद्धात लुइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून इंग्लंडात शोधलं गेलं. ते शेंगदाणा तेलात मिसळलेलं असतं आणि स्नायूत खोल टोचावं लागतं, सुई चांगलीच दुखते. अलाबामातल्या तिघांना अशी औषधं दिली गेली. निदान ‘दारू सुटल्यामुळे फिट’ एवढ्यावरच थांबलं असतं तर रुग्ण दोन-चार दिवसांत घरी आणि पुन्हा त्याच भट्टीच्या दारात.

यातलं काहीही वैद्यकाला नवं नव्हतं, याचं जास्त वाईट वाटतं. रम गाळायच्या भट्टीत शिशाची टोपी आणि नळी वापरायला मॅसॅच्युसेट्सने १७२३ मध्येच कायद्याने बंदी घातली होती. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांना पोटशूळ आणि लकवा व्हायचा. जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या सायडरच्या घाण्यांना शिसं लावलेलं असतं, आणि सायडर बनवणाऱ्या इतर ज्या परगण्यांत ते लावत नाहीत तिथे हा रोग नाही. स्वतः डेव्हनचाच असल्यामुळे गावकऱ्यांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या. आणि अलाबामाच्या कितीतरी नंतर, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जप्त केलेल्या मूनशाइनच्या ४८ नमुन्यांपैकी ४३ मध्ये शिसं सापडलं. दारू चमच्यात पेटवून ज्योतीच्या रंगावरून ती चांगली की वाईट ठरवायची पद्धत तिथे अजून सांगितली जाते. शिसं असल्या परीक्षेत कधीच सापडत नाही.

आपल्याकडे विषारी दारू म्हटलं की मिथेनॉल आठवतं, आणि ते बरोबरच आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने. ते दोन दिवसांत डोळे आणि जीव घेतं, म्हणून बातमी होते. शिसं बातमी होत नाही. महाराष्ट्रात दारू आणि शिसं एकत्र येतात ती बहुधा बाटलीत नाही, माणसात. जुन्या बॅटऱ्या फोडून, प्लेटा कढईत वितळवून शिशाच्या लाद्या पाडणाऱ्या लहान शेडमध्ये दिवसभर धूर आणि पूड श्वासातून जाते, त्याच हाताने विडी आणि भाकरी. संध्याकाळी अंग दुखतं म्हणून क्वार्टर. पुढे कधीतरी फिट येते, नातेवाईक उचलून आणतात, तोंडाला वास येतो आणि केस पेपरवर पहिली ओळ ठरून जाते. तिथे ‘काम काय करता’ एवढं विचारलं आणि सीबीसीतला एमसीव्ही बघितला तरी निम्मी वाट सापडते.

पुढची निम्मी कागदावर आहे. शिशाची विषबाधा १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सूचनायोग्य रोगांच्या यादीत घातली. असा रुग्ण दिसला तर तपासणाऱ्या डॉक्टरने कारखाने विभागाच्या मुख्य निरीक्षकाला कळवायचं, असं त्या कायद्यात होतं. अडचण अशी की, वीज वापरणाऱ्या जागेत दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर त्या कायद्याच्या लेखी ती जागा साधारणपणे कारखानाच नव्हती, आणि बॅटऱ्या फोडणाऱ्या शेडमध्ये बहुतेक वेळा चार-पाच जणच असतात.